‘व्यसन कसलं, तंबाखूच तर आहे’

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विचारा, ‘तुला कसलं व्यसन आहे का रे?’ तो मान हलवून नाही म्हणेल, आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या ओठाआड तंबाखूची चिमूट असू शकते. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी व्यसन म्हणजे दारू, गांजा, फार तर सिगारेट. तोंडात धरायची तंबाखू त्या यादीत येतच नाही. ती कामाची, खेळाची, मोठ्यांच्या पंगतीत बसण्याची गोष्ट.

घोळ इथूनच सुरू होतो. आपण त्याला सांगत राहतो की तंबाखूने कॅन्सर होतो. हे त्याला माहीत असतं. पुडीवर, डबीवर छापलेलं असतं, शाळेत सांगितलेलं असतं, परीक्षेत आलं तर तो ते बरोबर लिहूनही येईल. तरी चिमूट सुटत नाही, कारण त्याच्या डोक्यातला हिशेब वेगळा असतो. तो हिशेब काय आहे, त्यातलं खरं किती आणि फसवं किती, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्याशी बोलायला बसण्यात अर्थ नाही.

आधी, आपण कशाबद्दल बोलतोय ते. न जाळता वापरायची तंबाखू म्हणजे धूरविरहित तंबाखू. चुना लावून मळलेली, सुपारीबरोबर चघळायची, भाजून दातांना लावायची मशेरी, नाकात ओढायची तपकीर, अमेरिकेत ओठाआड ठेवतात ती ओलसर बारीक तंबाखू, स्वीडनमधलं स्नूस, अफगाणिस्तानातलं नसवार, सुदानमधलं तूंबाक. जगात 30 कोटींहून जास्त लोक यातलं काही ना काही वापरतात आणि त्यातले बहुतेक दक्षिण आशियात आहेत. नावं वेगळी, पण युक्ती एकच: तंबाखूच्या पानातलं निकोटिन शरीराच्या ओल्या, पातळ कातडीतून रक्तात उतरवायचं.

गावांत याचं प्रमाण जास्त आहे. भारतात 2016-17 साली प्रौढांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात अशी तंबाखू वापरणारे ग्रामीण भागात 24.6 टक्के निघाले आणि शहरांत 15.2 टक्के. अमेरिकेतही चित्र तसंच, खेड्यापाड्यांत जास्त. शहरातला माणूस हे वाचून म्हणतो, ‘शिक्षण कमी, म्हणून.’ मला हे उत्तर फार आळशी वाटतं. पोरांना धोक्याची माहिती असते, हे वर सांगितलंच. कारण कामाच्या पद्धतीत आहे.

शेतात, गोठ्यात, जंगलात, खाणीत राबणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. सिगारेट हातात धरावी लागते. वाळल्या गवताच्या गंजीजवळ काडी ओढणं धोक्याचं, आणि कोळशाच्या खाणीत ठिणगी म्हणजे जिवाशीच गाठ. म्हणून खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू चघळत आले. एकदा तोंडात टाकली की हात मोकळे. निकोटिनमुळे भूक खरोखरच मरते, कंटाळाही थोडा वेळ दबतो. आजोबांनी ती कामावर खाल्ली, वडिलांनी खाल्ली. मुलाने लहानपणापासून पाहिलेलं असतं की काम आणि तंबाखू एकत्रच येतात. कुदळ-फावड्यासारखीच ती कामावर सोबत न्यायची वस्तू होऊन बसते. कुदळीला कोणी व्यसन म्हणत नाही.

पहिली चिमूट कशी येते ते पाहा. मुलगा मोठ्यांबरोबर दिवसभर राबलेला असतो, पहिल्यांदाच पुऱ्या गड्याचं काम केलेलं असतं. सगळे सावलीत टेकतात. डबी निघते, एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मामा किंवा थोरला चुलत भाऊ ती त्याच्यापुढे धरतो, काही बोलत नाही. पोरगा चिमूट घेतो. डोकं गरगरतं, मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, पण तो चेहऱ्यावर काही दाखवत नाही. कोणीतरी हसून पाठीवर थाप मारतं. त्या दिवशी त्याला आवडते ती थाप. तंबाखूची चव आवडायला अजून बरेच दिवस जातात.

यात कोणी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही आणि कोणी वाईट सोबतीचा पोरगाही नाही. ‘वाईट संगत टाळा’ हा उपदेश म्हणूनच त्याला लागू पडत नाही. ज्याने डबी पुढे केली तो त्याच्या जिवाभावाचा माणूस आहे. कॅलिफोर्नियातल्या ग्रामीण हायस्कुलांमधल्या मुलांना तिथल्या दंतवैद्यक संशोधकांनी बोलतं केलं, तेव्हा असंच काहीसं पुढे आलं. तंबाखू म्हणजे गावाकडचं जगणं, पुरुषांचं जगणं. घरात वडील किंवा भाऊ खातात. सिगारेट सापडली तर घर डोक्यावर घेतलं जाईल, तंबाखूकडे मात्र काणाडोळा होतो. आणि धूर नाही म्हणजे धोकाही कमी.

पुरुषीपणाबद्दल एक गोष्ट मला या मुलांना दाखवावीशी वाटते. अमेरिकेत ही तंबाखू जवळपास फक्त पुरुष खातात, त्यामुळे तिथल्या पोराला ती मर्दानी वाटते. भारतात त्याच 2016-17 च्या पाहणीत 12.8 टक्के बायकाही ती वापरताना दिसल्या. घरात आजी मशेरी लावते आणि नातू ओसरीवर मळलेली तंबाखू तोंडात टाकून बाप्या झाल्याच्या तोऱ्यात असतो. पान एकच. बाप्येपण त्या पानात कुठेच नाही, ते पाहणाऱ्यांच्या नजरेतून आलेलं आहे.

‘सगळेच खातात’ हा दुसरा समज. खाणारा नजरेत भरतो, न खाणारा भरत नाही, म्हणून मुलांना वापर प्रत्यक्षापेक्षा फार मोठा वाटतो. 2019 साली भारतात 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची पाहणी झाली, तिच्यात धूरविरहित तंबाखू वापरणारे साधारण 4 टक्के होते. म्हणजे शंभरातले शहाण्णव खात नाहीत. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो: जी मुलं वापरतात, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस उजाडायच्या आत केलेली होती. तेव्हा मिसरूडही फुटलेलं नसतं. आपण नववी-दहावीत व्याख्यान ठेवतो, तोवर काही जणांना पाचेक वर्षं झालेली असतात.

आता त्याच्या सगळ्यात आवडत्या युक्तिवादाकडे येऊ: सिगारेट तर ओढत नाही ना!

यात खरं काहीच नाही असं म्हटलं तर मुलगा पुढचं ऐकणार नाही, आणि ते म्हणणं प्रामाणिकही होणार नाही. जळत नाही म्हणून धूर नाही, धूर नाही म्हणून फुफ्फुसात डांबर जात नाही, शेजारी बसलेल्यालाही त्रास नाही. स्वीडनमध्ये पुरुष मोठ्या संख्येने स्नूसकडे वळले आणि तिथे पुरुषांमध्ये धूम्रपानाचं आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण कमी आहे. स्नूस आंबवत नाहीत, वाफेवर तापवतात, त्यामुळे त्यात काही घातक द्रव्यं कमी तयार होतात. हे सगळं मान्य करायला हरकत नाही.

पण मग पुढचे दोन प्रश्न त्याला विचारावेत. पहिला: तुझ्या पुडीत स्वीडनमधलं स्नूस आहे का? तंबाखू वाळवताना, आंबवताना, साठवताना तिच्यातल्या निकोटिनपासूनच नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होतात. ही कॅन्सर घडवतात. कुठल्या तंबाखूत ती किती, हे बनवण्याच्या पद्धतीवर ठरतं आणि फरक प्रचंड असतो. सुदानच्या तूंबाकमध्ये ती भयंकर प्रमाणात सापडली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2007 मध्ये धूरविरहित तंबाखूत कॅन्सरकारक अशी किमान 28 द्रव्यं नोंदवली आणि तिला माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवलं. तिच्यामुळे कॅन्सर होतो अशा आज मानलेल्या जागा तीन: तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड. सुपारी तर तंबाखूशिवायही त्याच गटात आहे, 2004 पासून. सुपारीने गालाच्या आतली कातडी आतून आवळत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. ऐन विशीतली पोरं हा आजार घेऊन येतात. स्वतःची उभी तीन बोटं दातांमध्ये मावत नसतील, तर दवाखाना गाठायला उशीर करू नये.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘सिगारेटपेक्षा बरी’ ही तुलना कोणासाठी? चाळीस वर्षांचा माणूस वीस वर्षं सिगारेट ओढून ती सोडू पाहत असेल, तर त्याच्यासाठी तिला काही अर्थ असू शकतो. चौदा वर्षांच्या पोराने सिगारेटला हातच लावलेला नाही. त्याने तुलना करायची ती काहीच न खाण्याशी. सिगारेट ही इतकी घातक वस्तू आहे की तिच्याशेजारी उभं केलं तर जवळपास काहीही बरंच दिसतं. आणि पुष्कळ मुलं एकावर थांबतही नाहीत. कामावर तंबाखू, मित्रांत सिगारेट, असं दोन्ही चालू होतं.

त्यातच एक उपसमज: ‘मी गिळत नाही, थुंकतो.’ थुंकून जातो तो रस. निकोटिन आणि ती घातक द्रव्यं कातडीतून आत गेलेली असतात.

आता ‘मनात आणलं तर कधीही सोडेन’ याबद्दल. सगळ्यात मोठी चूक इथे आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

तंबाखूला चुना का लावतात? विचारलं तर बहुतेक जण सांगतील, चवीसाठी, झटका यावा म्हणून. झटक्याचं बरोबर आहे. निकोटिन पानात असतं तेव्हा ते आम्लांशी बांधलेलं असतं आणि त्या रूपात ते गालाच्या कातडीतून सहज पार होत नाही. चुना हा अल्क आहे, म्हणजे आम्लाच्या उलट. तो लागला की निकोटिन सुटं होतं आणि कातडीतून झिरपतं. नसवारमध्ये हेच काम राख किंवा चुना करतो, स्वीडिश आणि अमेरिकन तंबाखूत सोड्याच्या जातीचे क्षार करतात. वेगवेगळ्या मुलखांतल्या लोकांनी रसायनशास्त्र न शिकता एकाच युक्तीपर्यंत मजल मारली, इतकं निकोटिन माणसाला ओढतं.

गालाच्या आतलं अस्तर पातळ, त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत धडकतं. चिमटीचं हळूहळू चढतं, पण रक्तात सिगारेटइतकंच वर जातं आणि जास्त वेळ टिकतं. चिमूट थुंकून टाकल्यावरही ते बराच वेळ आत येत राहतं. म्हणजे ‘सौम्य’ वाटणारी ही वस्तू दिवसभरात शरीराला सिगारेटपेक्षा जास्त निकोटिन देऊ शकते.

मेंदूत पोहोचल्यावर काय होतं? तिथे निकोटिन धरणाऱ्या जागा असतात. निकोटिन तिथे बसलं की बरं वाटतं. रोज निकोटिन मिळू लागलं की मेंदू तशा जागा वाढवतो. आता त्या जागा रिकाम्या राहिल्या की अस्वस्थ वाटतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. हीच तलफ. मग चिमूट घेतली की पाच मिनिटांत डोकं शांत. मुलगा म्हणतो, ‘तंबाखू खाल्ली की अभ्यासात लक्ष लागतं,’ आणि तो त्याचा खरा अनुभव असतो. फक्त ते लक्ष उडवलंही होतं तंबाखूनेच. काट्याने टोचायचं आणि काटा काढला की बरं वाटलं म्हणून काट्याचेच आभार मानायचे, तसं हे आहे. तंबाखू न खाणाऱ्या मुलाला ही तलफ येतच नाही, त्यामुळे ती शमवायचा प्रश्नही येत नाही.

कोवळ्या वयात हे सगळं जास्त घट्ट बसतं. मेंदूचा पुढचा भाग, जो ‘थांब, विचार कर’ म्हणतो, तो पूर्ण तयार व्हायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. सिगारेट ओढणाऱ्या किशोरांच्या अभ्यासांत असं दिसलं की रोज ओढायला लागायच्या आधीच काहींच्या हातून लगाम सुटलेला असतो. त्यामुळे ‘मी रोज कुठे खातो’ याने काही सिद्ध होत नाही. मुलाला स्वतःला तपासायचं असेल तर सोपं आहे: तीन दिवस एकही चिमूट घ्यायची नाही. तलफ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते. त्या दिवशी घरात कोणावर विनाकारण ओरडलास का, रात्री झोप लागली का, हे ज्याचं त्याने पाहावं. कोणाला सांगायचीही गरज नाही.

मुलं अशी अडकतात, हे विकणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. अमेरिकेत 1980 च्या दशकात तंबाखूच्या छोट्या पिशव्या बाजारात आल्या. ओठाआड ठेवायला सोप्या, गोडसर वासाच्या, निकोटिन बेताचं. नवख्याला गरगरू नये, मळमळू नये, म्हणून. ती सवयीची झाली की मधली, मग कडक. पुढे न्यायालयांसमोर आलेल्या कागदपत्रांत या चढत्या पायऱ्यांना कंपनीच्याच लोकांनी एक नाव दिलेलं सापडलं: ‘ग्रॅज्युएशन’. जणू मुलगा शिकून पुढच्या वर्गात गेला. जनावरांवर स्वार होण्याच्या रोडिओ स्पर्धांना कंपन्या पैसा पुरवत, कॉलेजांत नमुने फुकट वाटत. म्हणजे गावाकडच्या पोराला जे मर्दानी वाटतं, ते शोधून त्याच्यावर डबीचा शिक्का मारला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो याचा. ‘हे आपलं गावाकडचं आहे’ असं जे पोर अभिमानाने सांगतं, त्यातला बराचसा भाग कोणीतरी कचेरीत बसून आखलेला होता.

याच काळातली ओक्लाहोमा राज्यातल्या शॉन मार्सी या मुलाची गोष्ट. बाराव्या वर्षी त्याने ओठाआडची तंबाखू सुरू केली. शाळेतला उत्तम धावपटू. शरीराला जपणारा, सिगारेट-दारूपासून लांब. ओठाआडची तंबाखू त्याच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. जिभेवर फोड आला, तो कॅन्सर निघाला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि फेब्रुवारी 1984 मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या आईने कंपनीवर खटला भरला, तो ती हरली. पण 1986 मध्ये अमेरिकेत कायदा झाला, डब्यांवर इशारे आले आणि रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती बंद झाल्या. डबीवरच्या इशाऱ्यांपैकी एकाचा अर्थ असा होता की ही वस्तू सिगारेटला सुरक्षित पर्याय नाही. मुलांचा युक्तिवाद काय असतो, हे कायदा करणाऱ्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

शॉनची गोष्ट सांगितली की मुलं गप्प होतात, पण गप्प होणं म्हणजे पटणं नव्हे. एकोणिसाव्या वर्षी कॅन्सर होणं विरळाच, आणि ते मुलालाही कळतं. गावात सत्तरीचा एक तरी म्हातारा असतोच, जो आयुष्यभर तंबाखू खाऊन ठणठणीत फिरतोय. मुलगा त्याच्याकडे बोट दाखवतो. जे त्या वयापर्यंत पोहोचले नाहीत, ते पारावर बसलेले दिसत नाहीत, एवढंच त्याला सांगता येतं.

म्हणून दूरचं सोडून जवळचं दाखवावं. एक आरसा आणि उजेड पुरे. खालचा ओठ दोन बोटांनी पुढे ओढायचा. जिथे चिमूट बसते, नेमकी तेवढ्याच आकाराची जागा वेगळी दिसते: पांढुरकी, सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. बाजूची कातडी गुलाबी, गुळगुळीत. मग तिथल्याच दाताकडे पाहायचं. हिरडी शेजारच्या दातांपेक्षा खाली सरकलेली, मुळाचा पिवळट भाग उघडा. गार पाणी लागलं की तिथेच कळ येते. काही तंबाखूंत साखरही घातलेली असते, ती त्या उघड्या मुळाला कीड लावते. सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही. हे सगळं पंधराव्या-सोळाव्या वर्षी, वर्ष-दोन वर्षांच्या वापरातही दिसू शकतं, आणि यासाठी कुठल्या पोस्टरची गरज लागत नाही. तोंड त्याचंच असतं.

कॅलिफोर्नियातल्या ग्रामीण हायस्कुलांत नेमकं हेच करून पाहिलं गेलं. बाहेरच्या वक्त्याऐवजी शाळेतलीच मुलं बोलली, आणि दंततज्ज्ञांनी एकेकाचं तोंड तपासून त्याला त्याचीच जखम दाखवली. फक्त चिमूट घेणाऱ्या मुलांत त्यामुळे सोडणारे वाढले. सिगारेटही ओढणाऱ्यांत तसा परिणाम दिसला नाही. दोन्ही लागलेल्यांना जास्त मदत लागते, निकोटिनवरच्या उपचारासह.

घरातल्या मोठ्यांनी काय करावं, हे मला विचारलं जातं. मारहाण नको, शपथ घालणं नको. शपथ मोडली की मुलगा लपवायला शिकतो. ‘पहिल्यांदा कोणी दिली?’ असं विचारलं तर उत्तर बरेचदा आपल्याच माणसाचं निघतं, तेव्हा आधी त्या माणसाशी बोलावं. डबी फिरत आली की त्याने ती पोराला ओलांडून पुढे द्यावी, इतकं तो करू शकतो. पोराच्या पाठीवर थाप मारायला तंबाखूच पाहिजे असंही काही नाही.

आणि सोडणाऱ्या मुलासाठी एक गोष्ट. ओठातली ती पांढरी सुरकुतलेली जागा तंबाखू बंद केल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. त्यामुळे आरसा टाकून द्यायचा नाही. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळच्या उजेडात ओठ ओढून पाहायचं. आठवडे उलटतील तशी ती जागा शेजारच्या कातडीसारखी दिसायला लागते. दोन-तीन आठवड्यांनी एखादा फोड किंवा चट्टा तसाच असेल, लाल होत असेल, कडक लागत असेल, तर वाट न पाहता दंतवैद्याला दाखवायचं.